रिकाम्या खुर्चीचा हिशेब

आपल्या विधानमंडळात विचारल्या जाणाऱ्या प्रश्नाची घडण ठरलेली असते. अमुक तालुक्यातील ग्रामीण रुग्णालयात वैद्यकीय अधिकाऱ्यांची पदे रिक्त असल्याचे निदर्शनास आले, हे खरे आहे काय? असल्यास, त्यामुळे रुग्णांची गैरसोय होत आहे, हे खरे आहे काय? असल्यास, याबाबत शासनाने कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे? आणि शेवटी, कार्यवाही केली नसल्यास विलंबाची कारणे काय आहेत? उत्तराचा साचाही तितकाच जुना आहे. ‘हे खरे आहे’, ‘हे खरे नाही’ किंवा ‘हे अंशतः खरे आहे’. विलंबाच्या कारणांसमोर मात्र बहुतेक वेळा तीनच शब्द असतात : ‘प्रश्न उद्भवत नाही’.

यात उद्धटपणा नसतो. पहिला भाग नाकारला की पुढचे भाग आपोआप गळून पडतात, एवढाच त्याचा अर्थ. पण आजारी मूल कडेवर घेऊन दवाखान्याच्या बंद दाराशी उभ्या राहिलेल्या बाईला हे तर्कशास्त्र कसे समजावून सांगायचे? तिच्यापुरता प्रश्न सकाळीच उद्भवलेला असतो.

या प्रश्नोत्तरांच्या याद्या मी आवडीने वाचतो. त्यांत एक विषय सतत येतो, तो म्हणजे सरकारी नोकरवर्ग आणि त्याच्यावर होणारा खर्च. किती पदे रिकामी आहेत, असे एक सदस्य विचारतात. पगारावर किती पैसा जातो, असे दुसरे विचारतात. दोन्ही प्रश्न रास्त आहेत; पण ते बहुधा वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या खात्यांना विचारले जातात आणि त्यांची उत्तरे एकमेकांना कधी भेटतच नाहीत. पद आणि पैसा एकत्र विचारला, तरच खरे उत्तर हाती लागते, एवढेच मला आज सांगायचे आहे.

आधी या अधिकाराबद्दल थोडेसे. सरकारला प्रश्न विचारण्याचा हक्क आपल्याला आयता मिळालेला नाही. १८६१ च्या कायद्याने आलेल्या कौन्सिलांत सभासदांनी समोर आलेल्या कायद्याच्या मसुद्यापुरतेच बोलायचे होते. १८९२ च्या कायद्याने आगाऊ सूचना देऊन प्रश्न विचारण्याची आणि अंदाजपत्रकावर बोलण्याची मुभा मिळाली, पण मत देण्याची नाही. सरकारने उत्तर दिले की विषय संपला. त्यावर पुन्हा तोंड उघडता येत नसे. १९०९ च्या सुधारणांनी मूळ प्रश्नकर्त्याला उपप्रश्न विचारता येऊ लागला, आणि १९१९ च्या सुधारणांनंतर तो अधिकार इतर सभासदांनाही मिळाला. म्हणजे पहिल्या प्रश्नापासून मोकळ्या उपप्रश्नापर्यंत पोचायला जवळजवळ तीन दशके लागली. राज्यकर्त्यांना धास्ती पहिल्या प्रश्नाची नव्हती. त्याचे उत्तर घरून लिहून आणता येते. धास्ती होती ती दुसऱ्या प्रश्नाची.

याच काळात पद आणि पैसा एकत्र कसा विचारायचा, याचा धडा पुण्याच्या एका माणसाने घालून दिला. हिंदुस्थानच्या सरकारी खर्चाची चौकशी करण्यासाठी लंडनमध्ये नेमलेल्या वेल्बी आयोगापुढे १८९७ साली गोपाळ कृष्ण गोखले यांनी डेक्कन सभेच्या वतीने साक्ष दिली. तेव्हा त्यांचे वय अवघे तीस-एकतीस वर्षांचे होते. वरच्या जागा गोऱ्या अधिकाऱ्यांकडे आहेत, ही तक्रार तेव्हा नवी नव्हती. गोखल्यांनी ती हिशेबाच्या भाषेत मांडली. या जागांचे पगार किती, निवृत्तिवेतने किती, त्यांतला किती पैसा देशाबाहेर जातो, हे त्यांनी दाखवले. आणि त्यापुढे जाऊन सांगितले, की पैशाबरोबर कारभाराचा अनुभवही देशाबाहेर जातो आणि इथल्या माणसांची कर्तबगारी खुरटते. पाच वर्षांनी, १९०२ साली, मध्यवर्ती कौन्सिलातल्या आपल्या पहिल्याच अंदाजपत्रकी भाषणात त्यांनी सरकारच्या शिलकीलाच हात घातला. देश दुष्काळाने पिचलेला असताना तिजोरीत शिल्लक पडत असेल, तर ती सुबत्तेची खूण नव्हे. गरजेपेक्षा जास्त कर घेतल्याची ती खूण आहे, असा त्यांचा मुद्दा होता. पुढे १९१२ साली सरकारी नोकऱ्यांविषयी जो शाही आयोग नेमला गेला, त्याचेही ते सदस्य होते.

शिल्लक नेहमीच चांगली नसते, हा गोखल्यांचा मुद्दा मनात ठेवा. पुढे आपल्याला तो लागणार आहे.

आता आजची रीत पाहू. तारांकित प्रश्नाला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाला फक्त लेखी उत्तर मिळते. लोकसभेत एका दिवसाच्या यादीत २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न असतात. तासाभरात त्या वीसपैकी मोजकेच तोंडी उत्तरापर्यंत पोचतात. बाकीच्यांची उत्तरे छापील स्वरूपात पटलावर येतात. महाराष्ट्राच्या विधानसभेतही यादी लांबलचक आणि वेळ तोकडा, असाच प्रकार असतो.

प्रश्न स्वीकारला गेला की तो मंत्रालयातल्या संबंधित विभागाकडे जातो. तिथून संचालनालयाकडे, संचालनालयाकडून जिल्ह्याला, जिल्ह्याकडून तालुक्याला. मग आकडे त्याच वाटेने वर चढतात आणि कक्ष अधिकारी, उपसचिव, सचिव अशा पायऱ्या ओलांडून मंत्र्यांच्या सहीपर्यंत येतात. या प्रवासाचाच एक उपयोग होतो. ज्या कार्यालयात वर्षभर कोणी पदांची मोजदाद केलेली नसते, तिथे विधानमंडळाचा प्रश्न आला म्हणून ती एका दुपारीत होते. उत्तर समाधानकारक आले नाही तरी प्रश्नाने एवढे काम केलेले असते.

उत्तरात वापरलेले शब्द मात्र नीट समजून घ्यायला हवेत. ‘मंजूर पदे’ म्हणजे आकृतिबंधात ठरलेली पदे. एखाद्या कार्यालयाला किती आणि कोणत्या दर्जाची माणसे लागतात, याचा सरकारने मान्य केलेला आराखडा म्हणजे आकृतिबंध. तो कितीतरी वर्षांपूर्वी ठरलेला असू शकतो. त्यानंतर गावाचे शहर झालेले असते, पण कागदावरची पदे तेवढीच राहतात. अशा ठिकाणी सगळी पदे भरलेली असली तरी माणसे अपुरीच पडतात. ‘अतिरिक्त कार्यभार’ हा दुसरा फसवा शब्द. दोन पशुवैद्यकीय दवाखाने आणि डॉक्टर एकच, अशी स्थिती असेल, तर उत्तरात ‘कामकाज सुरळीत सुरू आहे’ असे येऊ शकते. कागदोपत्री ते खोटेही नसते. सोमवारी इथे आणि मंगळवारी तिथे, असे ते सुरळीत असते. आजारी पडणाऱ्या गाईला मात्र वार कळत नाही.

एकटा आकडा कसा अपुरा पडतो, याचे एक उदाहरण केंद्र सरकारचे घ्या. २०२२ च्या जुलैमध्ये लोकसभेत दिलेल्या उत्तरानुसार १ मार्च २०२१ रोजी केंद्राच्या मंत्रालयांत आणि विभागांत ४० लाख ३५ हजार २०३ पदे मंजूर होती आणि प्रत्यक्ष कामावर ३० लाख ५५ हजार ८७६ माणसे होती. म्हणजे ९ लाख ७९ हजार ३२७ जागा रिकाम्या होत्या. जवळजवळ चारांतली एक. हा आकडा वर्तमानपत्रांतून गाजला. पण त्याच वर्षी फेब्रुवारीत राज्यसभेत दिलेले आणखी एक उत्तर शेजारी ठेवले, तर अधिक काही कळते. त्यानुसार १ मार्च २०२० रोजी रिकाम्या जागा सुमारे ८ लाख ७२ हजार होत्या. म्हणजे एका वर्षात रिकाम्या जागांत लाखाहून अधिक भर पडली होती. मंजूर पदे थोडी वाढली आणि त्यांवर बसलेली माणसे कमी झाली. एका उत्तराने स्थिती कळते. दोन उत्तरे शेजारी ठेवली की दिशा कळते.

त्याच जुलैमध्ये आणखी एका प्रश्नाला उत्तर मिळाले. २०१४-१५ ते २०२१-२२ या आठ वर्षांत केंद्रातल्या नोकऱ्यांसाठी २२ कोटी ५ लाख अर्ज आले आणि ७ लाख २२ हजार उमेदवारांची शिफारस झाली. एकच मुलगा किंवा मुलगी अनेक जागांसाठी अर्ज करते, हे धरूनही तीनशे अर्जांमागे एक निवड, असे हे प्रमाण पडते. एका बाजूला रिकाम्या खुर्च्या आणि दुसऱ्या बाजूला अभ्यासिकांतून वाट पाहणारी तरुण मुले. ही दोन्ही चित्रे आपल्याला सांगितली ती संसदेतल्या प्रश्नांनीच.

रिकाम्या जागांचा आकडा उतरला म्हणून लगेच आनंद मानू नये, हेही सांगायला हवे. केंद्रात बराच काळ न भरलेले पद रद्द झाले असे समजण्याचे नियम आहेत. म्हणजे रिक्त पदांची संख्या दोन प्रकारे कमी होते. माणूस आला म्हणून, किंवा खुर्चीच उचलून नेली म्हणून. उत्तरात दोन्हींचा आकडा सारखाच दिसतो.

मग सरकारी नोकर कोणाला म्हणायचे, हाही प्रश्न आहेच. २०२३ च्या मार्चमध्ये जुन्या निवृत्तिवेतन योजनेसाठी महाराष्ट्रात संप झाला, तेव्हा सतरा लाखांच्या आसपास कर्मचारी संपावर असल्याचे त्यांच्या संघटना सांगत होत्या. राज्य शासनाच्या स्वतःच्या विभागांतली मंजूर पदे यापेक्षा कितीतरी कमी आहेत. हा फरक पडतो तो जिल्हा परिषदांचे कर्मचारी, अनुदानित शाळा-महाविद्यालयांतले शिक्षक आणि इतर संस्थांतली माणसे धरल्यामुळे. त्यांचा पगार सरकारी तिजोरीतून जातो, पण अंदाजपत्रकात तो ‘वेतन’ या नावाखाली नसून ‘सहायक अनुदान’ या नावाखाली असतो. अंगणवाडी सेविका आणि आशा कार्यकर्त्यांना तर पगार नसतो, मानधन असते. त्यामुळे गावातली सगळ्यांत जास्त पायपीट करणारी ही माणसे पदांच्या यादीत सापडतच नाहीत.

महामंडळांचे आणखी वेगळे. २०२१ च्या ऑक्टोबरअखेरीस सुरू झालेला एसटी कर्मचाऱ्यांचा संप २०२२ च्या एप्रिलपर्यंत रेंगाळला. त्यांची मुख्य मागणी शासनात विलीनीकरणाची होती. खेड्यातल्या प्रवाशाला एसटी सरकारचीच वाटते, पण तिचा चालक आणि वाहक महामंडळाचे नोकर असतात. त्यांचा पगार कोणत्या पैशातून होतो, असे विचारले की तिकिटाचे उत्पन्न, सवलतींपोटी शासनाकडून येणारी भरपाई आणि शासनाची मदत असा गुंता समोर येतो. ज्येष्ठांना आणि महिलांना सवलत द्यावी की नाही, हा निराळा विषय. पण तिची भरपाई वेळेवर मिळाली का, हा प्रश्न चालकाच्या पगाराचा प्रश्न असतो. पद आणि पैसा इथेही एकमेकांत गुंतलेले आहेत.

आता पैशाच्या बाजूने पाहू. समजा, एखाद्या विभागाने शंभर पदांच्या पगाराची तरतूद मागितली आणि विधानसभेने ती मंजूर केली. त्यांतली तीस पदे वर्षभर भरलीच नाहीत. त्या पगाराचे काय होते? वर्षअखेरीस ती रक्कम ‘बचत’ म्हणून दाखवली जाते आणि परत केली जाते, किंवा रीतसर मंजुरी घेऊन दुसरीकडे वळवली जाते. महालेखापरीक्षक विधानमंडळापुढे ठेवतात त्या विनियोजन लेख्यांत अशा बचतींची कारणे दिलेली असतात, आणि ‘पदे रिक्त राहिल्यामुळे’ हे त्यांतले नेहमीचे कारण आहे. इथे गोखल्यांची आठवण येते. ज्या पगाराची बचत झाली, त्या पगाराचे काम झालेले नाही. हिशेबाच्या वहीत जी शिल्लक दिसते, ती दवाखान्याच्या दारात तूट असते.

आणि काम तर थांबत नाही. मग तेच काम कंत्राटी माणसांकडून करून घेतले जाते. त्यांचा पैसा ‘वेतन’ या शीर्षाखाली नसतो, तो ‘कंत्राटी सेवा’ अशा दुसऱ्या शीर्षाखाली पडतो. पदांचा प्रश्न विचारणाऱ्याला ही माणसे दिसत नाहीत, कारण ती पदांवर नाहीत. पगाराचा प्रश्न विचारणाऱ्यालाही दिसत नाहीत, कारण तो पगार नाही. म्हणून एखाद्या कार्यालयात पदे रिकामी, पगारखर्च आटोक्यात आणि तरीही एकूण खर्च वाढलेला, असे विचित्र चित्र तयार होऊ शकते. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये महाराष्ट्र शासनाने बाह्य संस्थांमार्फत मनुष्यबळ घेण्याचा निर्णय काढला, तेव्हा राज्यभर विरोध झाला आणि ऑक्टोबरमध्ये तो मागे घ्यावा लागला. त्या वादात आरक्षणाचे काय, नोकरीच्या शाश्वतीचे काय, हे प्रश्न पुढे आले, आणि ते यायलाच हवे होते. पण एजन्सीला द्यायच्या सेवाशुल्कासह हे काम नियमित कर्मचाऱ्यापेक्षा खरोखर स्वस्त पडते काय, हा साधा हिशेबी प्रश्नही तेवढ्याच महत्त्वाचा होता.

हे सगळे कागदापुरतेच आहे, असे कुणाला वाटेल. २०२३ च्या ऑक्टोबरच्या सुरुवातीला नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावल्याची बातमी आली. त्यांत १२ नवजात बालके होती. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. अशा मृत्यूंना अनेक कारणे असतात आणि एकाच कारणावर बोट ठेवणे बरोबर नाही. पण न्यायालयाने शासनाकडे जी माहिती मागितली, तिच्यात रिक्त पदे किती आणि आरोग्यासाठी तरतूद किती, हे दोन्ही एकत्र होते. पुढे २०२४ च्या डिसेंबरमध्ये नागपूरच्या अधिवेशनात राज्याच्या आरोग्यव्यवस्थेवरचा महालेखापरीक्षकांचा अहवाल आला. त्यात सार्वजनिक आरोग्य विभागात डॉक्टरांची २२ टक्के आणि परिचारिकांची ३५ टक्के पदे कमी असल्याचे म्हटले आहे. तीन परिचारिकांचे काम दोघींनी करायचे, असा याचा अर्थ.

सरकारची बाजूही समजून घेतली पाहिजे. पद भरणे म्हणजे एका महिन्याचा पगार देणे नव्हे. तो पुढच्या तीस-पस्तीस वर्षांचा करार असतो आणि त्यानंतर निवृत्तिवेतन. वेतन, निवृत्तिवेतन आणि व्याज हे तीन खर्च कोणत्याही सरकारला टाळता येत नाहीत. ते जसे वाढतात, तसा रस्ते, धरणे आणि शाळांच्या इमारतींसाठी उरणारा पैसा आक्रसतो. म्हणून वित्त विभाग हात आखडता घेतो, आणि त्याचे ते कामच आहे. शिवाय भरतीच्या वाटेवर खाचखळगे कमी नाहीत. २०१८ साली राज्यात ७२ हजार पदांची मेगाभरती जाहीर झाली आणि आरक्षणाच्या प्रश्नावर अडली. २०२१ मध्ये खुद्द आरोग्य विभागाच्याच भरतीचा पेपर फुटला. २०२२ मध्ये स्वातंत्र्याच्या अमृतमहोत्सवानिमित्त ७५ हजार पदांची घोषणा झाली, आणि त्याच वर्षी केंद्राने दीड वर्षात १० लाख पदे भरण्याचे ठरवले. प्रत्येक घोषणेमागे काही एक प्रयत्न असतो, हे मान्य. पण घोषणेचा आकडा, जाहिरातीचा आकडा, निवडीचा आकडा आणि प्रत्यक्ष रुजू झालेल्यांचा आकडा हे चार वेगळे आकडे आहेत. प्रश्न विचारणाऱ्याने चौथा मागायचा असतो.

आणि उत्तर मिळाले नाही तर? त्यासाठी पुढच्या पायऱ्या आहेत. उत्तर अपुरे वाटले तर अर्ध्या तासाची चर्चा मागता येते. तातडीच्या विषयावर लक्षवेधी सूचना देता येते. मंत्र्यांनी ‘माहिती घेऊन पटलावर ठेवू’ असे म्हटले की ते आश्वासन ठरते आणि आश्वासन समिती त्याचा पाठपुरावा करू शकते. अंदाजपत्रकातल्या मागणीला कपात सूचना देऊन एखाद्या खात्याचे वाभाडे काढता येतात. महालेखापरीक्षकांच्या अहवालावर लोकलेखा समिती सचिवांना समोर बसवून विचारू शकते, आणि महामंडळांसाठी सार्वजनिक उपक्रम समिती आहे. केंद्रात १९२१ पासून लोकलेखा समिती आहे. १९६७ साली तिचे अध्यक्षपद प्रथमच विरोधी बाकांवरच्या मिनू मसानी यांच्याकडे गेले आणि तेव्हापासून ते विरोधकांकडे देण्याचा पायंडा पडला. ज्याने खर्च केला त्यानेच हिशेब तपासू नये, हा घरच्या व्यवहारातला नियम तिथे लागू झाला.

प्रश्नाचा पाठपुरावा झाला तर काय होते, हे १९५७ साली देशाने पाहिले. आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण होऊन जेमतेम वर्ष झाले होते. नव्या आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांचे सव्वा कोटींच्या आसपास रकमेचे भाग विकत घेतले होते. याबाबत लोकसभेत प्रश्न विचारला गेला. उत्तराने समाधान झाले नाही. त्या डिसेंबरात फिरोझ गांधी कागदपत्रे घेऊन उभे राहिले. ते सत्ताधारी पक्षाचे सभासद आणि पंतप्रधानांचे जावई होते, हे मुद्दाम लक्षात घ्यावे. सरकारला चौकशी नेमावी लागली. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांनी ती मुंबईत, लोकांसमोर, उघडपणे केली आणि १९५८ च्या फेब्रुवारीत अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांनी राजीनामा दिला. सचिवाने केलेल्या कामाची घटनात्मक जबाबदारी मंत्र्यालाच घ्यावी लागते, हे छागलांनी स्पष्ट केले. ‘महामंडळ स्वायत्त आहे’ किंवा ‘अधिकाऱ्यांनी परस्पर केले’ ही उत्तरे आजही ऐकू येतात. त्यांना दिलेले हे जुने उत्तर आहे.

हे हत्यार गंजते, आणि काही वेळा विकलेही जाते. १९५१ मध्ये एच. जी. मुदगल यांच्यावर मुंबईच्या सराफ बाजारातल्या संघटनेकडून पैसे घेऊन संसदेत तिची कामे केल्याचा ठपका आला आणि त्यांना संसद सोडावी लागली. २००५ च्या डिसेंबरात प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेताना चित्रित झालेल्या ११ खासदारांना संसदेने काढून टाकले. पण पैसे न घेताही प्रश्न वाया जातो. गोंधळात तास बुडतो तेव्हा, आणि उत्तर मिळाल्यावर उपप्रश्न विचारायला प्रश्नकर्ताच जागेवर नसतो तेव्हा. २०२० च्या सप्टेंबरात साथीच्या काळात संसदेचा प्रश्नोत्तराचा तास रद्द झाला. लेखी उत्तरे चालू राहिली, पण दुसरा प्रश्न विचारण्याची सोय गेली. २०२३ च्या मार्चमध्ये लोकसभेत केंद्राच्या सर्व खात्यांच्या मागण्या चर्चेविना मंजूर झाल्या. त्या दिवशी पैसा मंजूर झाला आणि पदाबद्दल कोणी विचारले नाही.

मग आपण नागरिकांनी काय करायचे? २००५ चा माहिती अधिकार कायदा आपल्या हातात आहे. त्याच्या कलम ४ प्रमाणे प्रत्येक सार्वजनिक कार्यालयाने आपल्या अधिकाऱ्यांची आणि कर्मचाऱ्यांची यादी, त्यांचे मासिक वेतन आणि कार्यालयाला मिळालेली तरतूद व खर्च आपण होऊन जाहीर करायचा असतो. पद आणि पैसा एकाच ठिकाणी, कुणी न मागता. याच कायद्यात पूर्वी एक सुंदर वाक्य होते. संसदेला किंवा विधानमंडळाला जी माहिती नाकारता येत नाही, ती कोणत्याही नागरिकाला नाकारता येणार नाही, असे ते म्हणत होते. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ साली झालेल्या कायद्याने त्या कलमात बदल केला आणि ते वाक्य गेले. त्यामुळे जे आपल्याला विचारता येणार नाही, ते आपल्या आमदाराने विचारणे आता अधिकच गरजेचे झाले आहे.

आमदार गावात येतात तेव्हा आपण त्यांच्याकडे सभागृह मागतो, रस्ता मागतो, बदली मागतो. एकदा प्रश्न मागून पाहावा. तोही कागदावर लिहून द्यावा. आपल्या तालुक्यातल्या रुग्णालयात मंजूर पदे किती, आजच्या तारखेला भरलेली किती, आणि प्रत्येक रिकामे पद कोणत्या तारखेपासून रिकामे आहे? गेल्या तीन वर्षांत त्या पदांच्या वेतनासाठी तरतूद किती होती, खर्च किती झाला आणि उरलेली रक्कम कुठे गेली? त्याच कामासाठी कंत्राटी सेवेवर किती खर्च झाला? आणि त्या काळात किती रुग्णांना पुढच्या रुग्णालयात पाठवावे लागले?

या प्रश्नाला ‘हे खरे आहे काय’ ची गरज नाही, म्हणून त्याला ‘हे खरे नाही’ असे उत्तर देता येत नाही. त्याला फक्त आकडे लागतात. आणि आकडे आले की, प्रश्न उद्भवत नाही असे म्हणणे अवघड होऊन बसते.